आणून देणाऱ्याचं नाव

शिनोली, ९ नोव्हेंबर २००३

मधल्या ट्रंकेला वाळवी लागली. झाकण उघडलं आणि अंगावर काटाच आला. अठ्ठ्याहत्तर सालचा गठ्ठा तळातून पोखरलेला. खळीत मोरचूद घालतो म्हणून बाकीचं वाचलं, नाहीतर जन्माची कात्रणं मातीत गेली असती. लंकाबाईला हाक मारली तर आमची बायको म्हणते काय, "चला, वाळवीनं तरी वाचलं तुमचं." इतकी वर्षं माझ्यासाठी चुलीवर खळ ढवळली, पण टोमणा मारायची एक संधी सोडली नाही बाईनं.

उद्या मी गेलो तर या ट्रंकांचं कुणाला काही उमगणार नाही. म्हणून रीत इथं लिहून ठेवतो. कात्रण जाड कागदावर चिकटवायचं. कडेला लाल शाईनं पेपरचं नाव, तारीख, आणि त्याखाली तो कागद कुणी आणून दिला त्याचं नाव. हे नाव चुकवायचं नाही. मी पुण्याच्या पेपरचा इथला वार्ताहर होतो खरा, पण एकट्यानं कितीसं जमणार? निम्मा संग्रह लोकांनी आणून दिलाय. सगळ्यांत जास्त वेळा नाव धरमचंदचं. घोडेगावात त्याचं किराणा दुकान. पुड्या बांधायच्या रद्दीतून तो माझ्यासाठी पानं बाजूला काढतो आणि गिऱ्हाइकाला उघडी साखर देऊन त्याच्या शिव्या खातो.

आणि धरणाचं पाणी चढलं तेव्हा वरच्या गावातल्या लोकांनी नोटिसा, शाळेचे दाखले, लग्नपत्रिका, काय काय माझ्याकडं आणून टाकलं. "वार्ताहराच्या घरी ऱ्हाईल," म्हणाले. खरं सांगतो, बक्षीस वगैरे मला कधी मिळालं नाही, पण ते वाक्य मिळालं.

१४ नोव्हेंबर

आज घोडेगावचा बाजार, म्हणजे बयाबाई येणारच. धरणग्रस्तांच्या वसाहतीत राहते. बाजार करून परत जाताना आमच्या ओट्यावर टेकते. चहा नंतर, आधी सयाजी. मी ट्रंक उघडून तो कागद तिच्या मांडीवर ठेवतो. माझीच बातमी आहे ती, 'धरणग्रस्तांचा सभापतींना घेराव'. फोटोत सभापती भिमाजीरावांची जीप, आत ते घामाघूम, आणि पुढं बॉनेटवर हात आपटणारा सयाजी. बयाबाईचा नवरा. जमिनीला जमीन द्या म्हणून जीपपुढून हलला नव्हता गडी. दुसऱ्या दिवशी पेपरही त्यानंच आणला होता, तेव्हा कडेला लाल शाईत नावही त्याचंच आहे. आता तो नाही, आणि त्याचा जगात दुसरा फोटो नाही.

"बगा, अजून रागातच हाय," बयाबाई म्हणाली. "मेल्यावर तरी मानसानं जरा निवावं."

तिला भिंतीला लावायला मोठा फोटो पाहिजे. एकदा झेरॉक्स काढली होती, नुसता काळा डाग आला. "पाडव्याच्या आत करून देतो," असं मी बोलून बसलो. कसं करणार ते मलाच ठाऊक नाही.

२३ नोव्हेंबर

जेवताना गोरखनं विषय काढला. आमचा मुलगा भिमाजीरावांच्या शिक्षण संस्थेत क्लार्क आहे, पण तात्पुरता. जूनला ऑर्डर, एप्रिलला घरी, आणि मधले दोन महिने आमच्याकडं बघायचं नाही, असं कितीतरी वर्षं चाललंय.

"नाना, साहेबांची एकसष्टी आहे. गौरवग्रंथ काढत्यात. तुमच्याकडं ते सभापती होते तवाच्या बातम्या असतील ना?"

"आहेत की. घेरावाची देऊ?"

"तसली नको वो. चांगल्या."

"चांगल्या नाहीत. आणि असत्या तरी दिल्या नसत्या. एकदा कागद त्यांच्या हातात गेला की कुठला ठेवायचा न् कुठला फाडायचा ते ते ठरवणार. त्यांच्या ग्रंथात माझ्या घरातली चिठोरी जाणार नाही, सांगून ठेव त्यांना."

गोरख ताटात बोट फिरवत राहिला. लंकाबाईनं त्याला भाकरी वाढली, मला नाही. नको वाढू देत. शेवटी सून अक्षदानं वाढली. गुणी पोरगी आहे.

७ डिसेंबर

मानलं आपण पोराला! मला वाटलं होतं रुसून बसेल. तर आज स्वतःहून म्हणतो, "नाना, वाळवी सगळं खाऊन टाकायच्या आत कॉम्प्युटरवर घालून घेऊ. धरमचंदकाकांच्या जिनेशनं मंचरला स्कॅनर घेतलाय. सगळं सीडीत बसतं. बयाबाईचा फोटू बी मोठा निघंल. मी नेतो ट्रंका, तुमी कशाला हेलपाटा घालता."

कागद घराबाहेर द्यायचा नाही हा माझा नियम. बघायचा असेल त्यानं ओट्यावर बसून बघावा. पण स्वतःचा मुलगा नेतोय म्हटल्यावर तो बाहेर गेला असं म्हणता येईल का? मी तर म्हणतो नाही.

११ डिसेंबर

ट्रंका गेल्या. गोरखनं कुणाची तरी पिकअप आणली होती. लंकाबाईनं पदरानं तिन्ही ट्रंकांवरची धूळ पुसली. तिचे डोळे ओले दिसले. जन्मभर माझ्या कागदांना शिव्या घातल्या, पण जीव होता तर! मला भरून आलं. काही बोललो नाही, बोललो असतो तर लगेच दोन ऐकवल्या असत्या.

२ जानेवारी २००४

गोरख पर्मनंट झाला!! ऑर्डर हातात. मी दोनदा वाचली, तिसऱ्यांदा मोठ्यानं. पोरानं कुणाचे पाय धरले नाहीत, कुणाच्या मागं फिरला नाही, कामावर मिळवलं. आणि तेही त्याचा बाप भिमाजीरावांच्या तोंडावर नाही म्हणणारा असताना. म्हणजे त्या माणसातही थोडी शरम शिल्लक असेल. लिहिताना हात अडखळतोय, पण जे आहे ते आहे.

पेढे घेऊन धरमचंदकडं गेलो. त्याच्या भंवरीबाईनं देवापुढं ठेवून मग खाल्ला. धरमचंद म्हणाला, "हौशीराम, ट्रंका कधी पाठवतोस? जिनेश विचारत होता." म्हटलं, अरे बाबा, गेल्या की कधीच्या! तो नुसता बघत राहिला. म्हातारा झाला बिचारा. काल काय खाल्लं तेही आठवत नसेल.

८ फेब्रुवारी

गोरखला विचारलं. "चालू हाय काम. घाई करू नका." बरं.

२१ मार्च

पाडवा. गुढी उभारली, श्रीखंड झालं, पण सयाजीचा फोटो काही आला नाही. बयाबाई मुद्दाम येऊन गेली. खोलीत ट्रंकांच्या जागी तीन चौकोन पांढरे दिसतात, तिकडं बघून म्हणाली, "घर मोकळं मोकळं झालं वार्ताहर." मी म्हटलं, मंचरला गेलाय तुझा नवरा, नटून येईल. हसली.

गोरखवर चिडलो. तो माझ्यावर चिडला. लंकाबाई दोघांवर चिडली. सणाचा दिवस.

११ एप्रिल

आज भिमाजीरावांची एकसष्टी. मांडव, बँड, जेवणावळी. गोरख पहाटेच गेला, नोकरी आहे, जावंच लागतं. मी घरी बसून पेरूच्या झाडाला आळं केलं.

१६ एप्रिल

आजचं लिहायला बसवत नाही, पण लिहितो.

बयाबाई आली ती लांबूनच हाका मारत. हातात जाडजूड गुळगुळीत पुस्तक. गौरवग्रंथ वसाहतीत घरोघरी फुकट वाटलेत. तिनं पान उघडून माझ्यापुढं धरलं. "वार्ताहर, झाला की वो मोठा फोटू! अख्ख्या पानावर! तुमी सबूद पाळला बरं का."

सयाजी होता. पानभर. माझ्या खळीतल्या मोरचुदानं कोपऱ्याला जी हिरवट झाक येते ती छापण्यातही आली होती. कडेची लाल शाई कापली होती, पण नीट कापली नव्हती. 'सया' एवढी अक्षरं राहिली होती. माझं अक्षर मला ओळखू येणार नाही होय?

"खाली काय ल्हिलंय वाचा की. आमच्यात कुनाला धड येत न्हाई."

एकदा मनात आलं, काहीतरी दुसरंच वाचावं. मग वाचलं. "मा. भिमाजीरावांचे उत्स्फूर्त स्वागत करताना धरणग्रस्त बांधव."

"म्हंजी?"

"म्हणजे, स्वागत..."

"म्हंजी माझा म्हातारा हार घालाया गेलता?"

मी त्या 'सया'वर बोट ठेवलं.

"तुमच्या घरातनंच गेला ना हा कागुद? दुसरीकडं तर व्हताच न्हाई."

मी म्हटलं, बयाबाई, मला काही माहीत नाही, आईच्यान माहीत नाही. तिनं पुस्तक मिटलं, डोक्यावर पाटी घेतली. अक्षदानं चहा आणला होता, त्याकडं बघितलंही नाही. इतक्या बाजारांत पहिल्यांदा ती चहा न घेता गेली.

१७ एप्रिल

जिनेशनं विकलं. दुसरं काय? ट्रंका त्याच्या दुकानात, आणि भिमाजीरावांचे लोक दिवसभर मंचरला. सकाळीच धरमचंदच्या दुकानावर गेलो. गिऱ्हाइकं होती. असू देत म्हटलं. जे तोंडात आलं ते बोललो. "पुडीला रद्दी विकता तशी माणसं विकलीत," म्हणालो. "त्या दिवशी 'ट्रंका कधी पाठवतोस' म्हणून विचारलंस तेव्हाच नाटक करत होतास," म्हणालो. धरमचंद तराजू हातात धरून उभा. एवढंच म्हणाला, "हौशीराम, आत येऊन बस, पाणी घे." भंवरीबाई तांब्या घेऊन आली. मी घेतला नाही. चांगलं केलं.

गोरखला सांगितलं, तर म्हणाला, "जाऊ द्या नाना, झालं ते झालं. लई ताणू नका." पोराचं मन मोठं आहे. माझं नाही.

१९ एप्रिल

जिनेश घरी आला होता. उन्हातून मोटरसायकलवर. म्हणतो, "काका, तुमच्या ट्रंका माझ्याकडं आल्याच नाहीत. गोरखदादाला विचारा." बघा! आता माझ्या पोरावर ढकलतो. दारातूनच परत पाठवला. लंकाबाई आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. एवढं बोलणं झालं पण तिनं एक टोमणा मारला नाही.

२४ एप्रिल

अक्षदाला आता पाचवा लागलाय. ओट्यावर चिंचा फोडत बसली होती. मी असंच म्हटलं, त्या ट्रंका कुठं पडल्या असतील कोण जाणे. ती सहज म्हणाली, "शाळेच्या स्टोअररूममंदी व्हत्या ना, नाना. डिसेंबरात मी ह्यांचा डबा द्यायला गेले तवा बघितल्या. म्हनलं, आपल्या ट्रंका हितं कशा."

तिला कळलंही नाही काय बोलली ते. चिंचेचं बोटूक माझ्यापुढं धरलं, "खाता का?" मी घेतलं. तोंडात घालून बसलो.

२५ एप्रिल

गोरख खोटं बोलला नाही. ते तरी बोलायचं होतं, मला धरून बसायला काहीतरी मिळालं असतं.

"नेल्या मी. मागून दिल्या असत्या का तुमी?"

"नाही."

"मग?"

"जिनेशचं नाव का घेतलंस?"

"धरमचंदकाकांवर तुमचा इस्वास हाय म्हणून."

"आणि तुझ्यावर नव्हता?"

इथं तो खाली बघायला लागला. मग एकदम उसळला. "दर एप्रिलला घरी बसायचो नाना. लग्न झालं तवाबी तात्पुरताच व्हतो. अख्ख्या तालुक्याच्या बातम्या कापल्या तुमी, घरातली एक तरी दिसली का? साहेब म्हनले, कागद आण, ऑर्डर घेऊन जा. मी आनले."

"घेराव कुठं आहे?"

"जाळला. ग्रंथाचं काम झाल्यावर शाळेच्या मागं पेटवलं. ती अख्खी ट्रंकच रिकामी केली."

"त्यात लोकांच्या नोटिसा होत्या. पोरांचे दाखले होते. लग्नपत्रिका होत्या रे!"

"कोन बघत बसतंय येक येक. मी व्हतो तिथं उभा." मग हळू म्हणाला, "मला वाटलं नव्हतं जाळतील."

मी हात उगारला होता. आता तिशीच्या पोराला काय मारायचं. हात तसाच खाली आणला.

२६ एप्रिल

ट्रंका परत आल्या. दोन भरलेल्या, एक रिकामी. पांढऱ्या चौकोनांवर नीट बसल्या.

लंकाबाईला विचारलं, तुला माहीत होतं का. ती तवा घासत होती. घासायची थांबली नाही. "मीच म्हनलं ने म्हनून. पोरगं रात रात जागं ऱ्हायचं, तुमी घोरायचा. कागुद जपलं तुमी, मी पोर जपलं."

आता कळतं ते डोळे कशानं ओले होते. मी त्या दिवशी इथंच लिहून ठेवलंय की मला भरून आलं. वाचून स्वतःचीच लाज वाटली. घरात चार माणसं, त्यातल्या दोघांनी मला मूर्खासारखं बसवून ठेवलं, आणि मी पेढे वाटत फिरलो. ज्या ऑर्डरची मी आरती ओवाळायची बाकी ठेवली होती ती सयाजीच्या फोटोला मिळालेली किंमत होती.

३० एप्रिल

बयाबाई आज येईल असं वाटलं नव्हतं. आली. ओट्यावर बसली नाही, अंगणातच उभी राहिली. मी सगळं सांगितलं, गोरखचं नावही. ती म्हणाली, "मला त्याच दिशी वाटलं व्हतं. पर तुमच्या तोंडातनं यावं म्हनून थांबले."

मग पाटीतून एक चौकट काढली. बाजारातली, देवाच्या तसबिरीची. आत सयाजी. तिनं विळीनं ग्रंथाचं पान कापलं होतं. "जीप कापली. सायेब कापला. खालचं ल्हिलेलंबी कापलं." मग बोटानं दाखवलं. "फकस्त आता ह्यो हात कशावर आपटतोय ते कळत न्हाई. येनारं जानारं इचारतं, नाचतोय का म्हनून."

"बयाबाई, मी काय करू सांग."

"तवा पेपरात तुमीच छापलं व्हतं. आता बी छापा. त्यो हार घालाया गेला नव्हता म्हनून छापा. माझी काय लई मागनी न्हाई."

३ मे

खुलासा लिहिला. फोटो कुठला, कोणत्या सालचा, कशासाठी घेराव होता, पुढं कोण उभा आहे, आणि हे कात्रण माझ्या घरातून माझ्या संमतीशिवाय गेलं. कुणी नेलं ते लिहिलं नाही. लिहायची गरजही नाही, माझ्या घरात कोण कोण राहतं ते तालुक्याला पाठ आहे.

लंकाबाईनं पाय धरले. लग्नापासून कधी धरले नव्हते. "सून पोटुशी हाय. पोराची भाकरी काढताय तुमी." मी म्हटलं, आणि बयाबाईचा माणूस? ती म्हणाली, "त्यो मेलाय वो." तरी पाकीट घेऊन निघालो. माझ्याकडं ठेवलेलं मी एकदा घालवलंय. आता निदान तोंड तरी उघडू दे.

पाकीट टाकून धरमचंदच्या दुकानात गेलो. गिऱ्हाइकं असतानाच गेलो, त्या दिवशी होती तशी. सगळ्यांसमोर म्हटलं, माझं चुकलं, जिनेशचा काही संबंध नव्हता, घरचाच माणूस निघाला. धरमचंदनं साखर मापून दिली, पैसे गल्ल्यात टाकले. मग माझ्यासाठी बाजूला ठेवलेली रद्दी काढून पुढं केली. म्हणजे एवढ्या दिवसांतही ठेवत होता. माझे डोळे भरले.

"ने," म्हणाला. "पण हौशीराम, आता त्यावर माझं नाव लिहू नको."

रद्दी बगलेत मारून आलो. एसटीत बसायला जागा होती तरी उभाच राहिलो.

१२ मे

खुलासा आला. चौथ्या पानावर, खाली, पण शब्द बदललेला नाही. सयाजीचं नाव बरोबर आहे.

मला हे सकाळी ठाऊक नव्हतं. अकराच्या सुमारास गोरख घोडेगावहून आला. सुट्ट्या असूनही त्याला शाळेत बोलावून घेतलं होतं. त्यानं पेपर माझ्यापुढं ओट्यावर टाकला.

"घ्या नाना. कापा."

मग आत जाऊन अक्षदाला म्हणाला, बांधाबांध कर. जूनपासून मढला बदली. माळशेजच्या तोंडाला, संस्थेची तिथं छोटी शाळा आहे. अशा दिवसांत त्या पोरीला तिकडं नेणार. ती नुसती माझ्याकडं बघून गेली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

बयाबाईला निरोप धाडला. उलट निरोप आला, वाचून घेतलं, चौकटीच्या मागं लावायला एक पेपर ठेवा.

आणि आता हे. माझ्या संग्रहातली पहिली बातमी, जिच्यात माझं घर आहे. कात्री देवळीत नव्हती. लंकाबाईला विचारलं तर म्हणाली, "तुमची तुमी हुडका." शोधली, सापडली नाही. फूटपट्टी लावून कागद फाडला. खळही मीच केली. मोरचूद जास्त पडलं, खाली लागली, गुठळ्या झाल्या. तरी चिकटलं.

कडेला लाल शाईनं पेपरचं नाव लिहिलं, तारीख घातली. मग दौतीला बूच लावलं. पण नाव चुकवायचं नाही ही रीत मीच घातलेली आहे.

आणून दिला: गोरख.